दाजींनी काढलेला विमा

दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी अंथरुणाकडे बघायचे. पाहुणचार, पाणी, खुर्ची हे सगळं नंतर. दारातून आत येता येता त्यांची नजर आतल्या खोलीतल्या खाटेवर जायची, आणि चादर कशी पडली आहे यावरून ते सांगायचे, "काल रात्री झोप लागाक नाय दिसता तुका." हे बहुतेक वेळा खरं निघायचं. नवीन लग्न झालेल्या घरांतून दाजी आले की सुना लगबगीने आतलं दार ओढून घ्यायच्या.

हा नाद त्यांना नोकरीतून लागला होता. आमच्या आचऱ्याचे दाजी उमेदीची सगळी वर्षं मोठ्या प्रवासी बोटींवर केबिन आवरायच्या कामावर होते. रोज सकाळी परक्या माणसांची अंथरुणं झाडायची, चादरी ताणायच्या, टॉवेलचा हत्ती नाहीतर हंस करून उशीवर ठेवायचा. "माणसाचां तोंड खोटां बोलता," ते म्हणायचे, "पण चादर खोटी बोलणा नाय. नवराबायको डेकार हातात हात घालून फिरतत, आणि हयसर बघशीत तर एक उशी सोफ्यार. माका सगळां ठावक असता."

वर्षाचे नऊ-दहा महिने बोटीवर आणि उरलेले घरी, असा त्यांचा संसार. घर, शेत, मुलगी माधवीचं शिक्षण आणि पुढे तिचं पुण्यातलं लग्न, सगळं सुमनकाकींनी एकटीने ओढलं. काकी बारीक अंगाच्या, चटपटीत आणि बोलण्यात तिखट होत्या. दाजी सुट्टीवर आले की त्यांच्यासाठी पहाटे उठून आंबोळ्या घालायच्या. घरातली अंथरुणं दाजी जागे होण्याआधीच झाडून, घडी होऊन माळ्यावर गेलेली असत. "हयसर तुमची ड्यूटी नाय," असं त्या नवऱ्याला सांगायच्या.

मालवणच्या बाजारात माझं तिकिटांचं दुकान आहे. बस, रेल्वे, विमान आणि अलीकडे सहली. दाजी निवृत्त होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी माझ्याकडे आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "बाय, माका बोटीर जावचां आसा."

"परत? पुरे झाला नाय अजून?"

"कामाक नाय गो. पाशिंजर म्हणान. सुमनीक घेवन." मग जरा लाजून खाली बसले. "तीस वर्सां मी बोटीच्या पोटात रवलंय. वरसून दर्या कसो दिसता तां मी पण धड बघूक नाय. तिका दाखवूचो आसा."

सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंडचे किनारे करून परत येणारी एक सहल आम्ही निवडली. खिडकीची नाही, सज्जा असलेली केबिन त्यांनीच मागितली. आणि मग, मी काही बोलायच्या आत, त्यांनी विम्याचा विषय काढला.

इथे सांगायला हवं की गिऱ्हाइकांना विमा समजावणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. कोणी ऐकत नाही. "कायतरी घाला स्वस्तातला," म्हणतात. दाजी मात्र चष्मा पुसून तयार होऊन बसले. "बोटीर चडतल्यान आदी उतरूचो इचार करूक व्हयो," असं म्हणाले, आणि त्यामागची गोष्ट त्यांनी मला सांगितली. ते आवरायचे त्या एका केबिनमधल्या म्हाताऱ्या परदेशी माणसाला बोटीवर झटका आला होता. बोट कोणासाठी थांबत नाही. पुढच्या बंदरात त्याला स्ट्रेचरवरून उतरवलं. त्या नवराबायकोच्या बॅगा दाजींनी घाईघाईने भरल्या आणि धक्क्यावर नेऊन दिल्या. त्याची बायको एका पायात सपाता आणि एक पाय उघडा अशी उभी होती. तिने दाजींचा हात धरून विचारलं, आता मी कुठे जाऊ? "मी काय सांगतलंय तिका? बोटीचो भोंगो वाजलो. मी धावत वर इलंय. तेंचो विमो नाय होतो."

मी त्यांना एकेक प्रकार समजावला. पहिला, बोटीची कंपनी तिकिटाबरोबरच देते तो. तो मुख्यतः सहल रद्द झाली तर कामाचा, आजारपणाला त्याचा आधार फार थोडा. दुसरा, परदेश प्रवासाचा नेहमीचा विमा. त्यात दवाखाना येतो, सामान येतं, पण बोटीवरच्या खास अडचणी सगळ्या येतातच असं नाही. तिसरा म्हणजे तोच विमा, वर बोटीच्या प्रवासाचं जास्तीचं संरक्षण घेऊन. बोट चुकली, आजारपणात केबिनमध्येच अडकून पडावं लागलं, भर समुद्रातून किनाऱ्यावर हलवावं लागलं, तर ते सगळं त्यात धरलेलं. आपला इथला मेडिक्लेम तिकडे चालत नाही, हेही सांगितलं. बोटीवरचा दवाखाना म्हणजे परदेशच.

दाजी प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न विचारत होते. "माणसाक खाली उतरवलां तर?" आणि शेवटी, आवाज न बदलता, "आणि थंयच मेलां तर? घराक हाडतत?"

"तिसऱ्यात हाडतत. देह घरी आणूचो खर्च तेतूर धरलेलो आसा."

"मगे तिसरोच."

"पण दाजी," मी म्हटलं, "आदीचो कायय आजार आसात तर तो फॉर्मार जाहीर करूचो लागता. तेका वेगळां संरक्षण मिळता, डॉक्टराचां पत्र लागता, वायंच महाग पडता. पण लपवलां तर सगळोच विमो बाद."

"माका काय नाय. वर्साक बोटीर तपासणी असायची, घोड्यासारखी." त्यांनी खिशातून फोन काढला आणि काकींना लावून सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "गो, ही बाय इचारता, तुका काय आजारबिजार आसा?"

पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. मग काकी म्हणाल्या, "तिका सांगा, आजारी पडाक माका आयुष्यात सवड गावाक नाय!"

दुकानात बसलेले सगळे हसले. दाजीही हसले, अभिमानाने. आजार नाही, असं मी फॉर्मात भरलं.

सहलीच्या पहिल्या दोन दिवसांत काकींचे मला फोन आले. बोटीवरच्या इंटरनेटसाठी दाजींनी वेगळे पैसे भरले होते. "गो, हेंका घेवन मी काय करू?" काकी हसून हसून सांगत होत्या. "केबिन आवरूक चेडो येवच्या आदी हे चादर घालून मोकळे! जेवणाकडे लोकांच्ये बशये उचलूक लागले. तो पोरगो म्हणता, सर, प्लीज सिट. सर म्हणता हो हेंका!" मागे दाजी ओरडत होते, "दर्या दाखव तिका, दर्या!" काकींनी फोन फिरवला. निळं पाणी आणि त्यावर ऊन. दाजी कठड्याला दोन्ही हात टेकून उभे होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

तिसऱ्या दिवशी जेवायच्या हॉलमधून परत येताना काकी जिन्यात बसल्या त्या उठल्या नाहीत. श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते.

पुढचं दाजींनी मला खूप नंतर सांगितलं. बोटीचा दवाखाना अगदी खालच्या मजल्यावर, नोकरीत दाजींची राहायची जागा असायची तशाच बोळात. डॉक्टर परदेशी. काकींना इंग्रजी येत नाही, डॉक्टरला मराठी नाही, त्यामुळे मध्ये दाजी. डॉक्टरने विचारलं, यांना आधीचा काही आजार? काही औषधं चालू आहेत? दाजींनी काकींना न विचारताच सांगितलं, नाही, काही नाही.

काय विचारलं ते काकींनी त्यांच्या 'नो'वरून ओळखलं आणि त्यांचा हात धरला. ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "थांबा," म्हणाल्या. "तेका सांगा, माझ्या काळजाची एक झडप खराब आसा. माधवी शाळेत होती तेवापासून. गोळये खातंय मी. पर्सात आसत, कुंकवाच्या डबयेखाली."

"मी तिच्याकडे बघतंय," दाजी मला म्हणाले, "आणि डाक्टर माझ्याकडे. तो इचारता, व्हॉट डिड शी से? माका बोटीवरची सगळी इंग्रेजी येता गो. गुड मॉर्निंग, एक्स्ट्रा पिलो, एनिथिंग एल्स मॅडम. पण बायलेचो आजार इंग्रेजीत कसो सांगतत तां ठावक नाय होतां. माका सुचाक नाय. मगे मोडकांतोडकां सांगलंय. हार्ट. ओल्ड. मेनी इयर्स. आणि सांगताना माका कळत होतां, विमो गेलो. माझ्याच तोंडान मी तो बुडवतंय." मग म्हणाले, "लपवलां असतां तर डाक्टरान चुकीचां औषद दिल्यान असतां. मगे?"

पुढच्या बंदरात, पिनांगला, काकींना उतरवलं. बॅगा कुणीतरी दुसऱ्या पोराने भरून दिल्या.

इकडे मी विमा कंपनीच्या मदतीच्या नंबरवर होते. पलीकडची मुलगी मराठीच होती. अगदी सभ्य. तिने कागद पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, बोटीवरच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय, बऱ्याच वर्षांपासूनचा हृदयविकार. पॉलिसी घेताना तो सांगितलेला नाही."

"अहो, त्यांना माहीतच नव्हतं."

"कोणाला मॅडम? पेशंटला माहीत होतं ना?"

मी भांडले, वरच्या माणसाशी बोलले, त्याच्याही वरच्याशी बोलले. प्रत्येकाने तेच वाक्य तितक्याच नम्रपणे म्हटलं. नियम मीच दाजींना समजावून सांगितलेला होता, त्यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं.

पिनांगच्या त्या दवाखान्यात काकींनी आठवडाभरही काढला नाही. माधवीचा पासपोर्ट संपलेला होता. नवीन निघायच्या आत आई गेली.

देह घरी आणायचा खर्चही त्याच विम्यात होता, म्हणजे आता नव्हता. आचऱ्यात काकींच्या बहिणी दारात बसून होत्या, त्यांना तोंड बघायचं होतं. वाडीतल्या लोकांनी वर्गणी काढायचं ठरवलं. मी दाजींना फोन करून सांगितलं, चार-पाच दिवस द्या, आम्ही जमवतो.

"तवसर ती खंय रवतली?" दाजींनी विचारलं. "त्या फ्रीजात? नको गो. तिका थंडी सोसणा नाय."

दवाखान्यातल्या एका तमिळ नर्सने भटजी शोधून दिला. परक्या गावात, परक्या भाषेतल्या मंत्रांनी दाजींनी बायकोला अग्नी दिला. बरोबर त्या नर्सचा नवरा आणि एक टॅक्सीवाला, एवढीच माणसं. अस्थी घेऊन ते विमानाने आले. त्या आचऱ्याच्या खाडीत सोडल्या तेव्हा काठावर मी होते. दाजी गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि कितीतरी वेळ बाहेरच येईनात. शेवटी माधवीने जाऊन हाताला धरून आणलं.

तेराव्यानंतर दाजी गावात फिरू लागले. लोकांना वाटलं, मन रमवतायत. तसं नव्हतं. ते विचारत फिरत होते. गावच्या डॉक्टरकडे गेले: ती पहिल्यांदा कधी आली होती? कोणाबरोबर? रडली होती का? औषधाच्या दुकानात गेले: गोळ्या न्यायला ती स्वतः यायची की कोणाला पाठवायची? शेजारच्या पार्वतीवहिनींनी सांगितलं की एका वर्षी लावणीच्या दिवसांत काकी चिखलातच खाली बसल्या होत्या, चार बायकांनी उचलून बांधावर आणलं, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय म्हटलं तर, "तेंका फोनार सांगशात तर माझी शपथ आसा."

माधवीलाही शपथ घातलेली होती. दाजींनी तिला विचारलं तेव्हा मी तिथेच होते.

"तुला माहीत होतं?" असं त्यांनी मालवणी सोडून, ऑफिसात बोलतात तसं विचारलं. मला ते फार भयंकर वाटलं.

"आई म्हणायची," माधवी रडत म्हणाली, "ते तिकडे पाण्यावर आहेत, एकटे आहेत, ऐकून काय करणार? येऊ शकणार नाहीत आणि झोपणार पण नाहीत. रिटायर झाले की मीच सांगेन म्हणायची. आणि मग तुम्ही बोटीचं ठरवलंत. इतके खूश होतात तुम्ही. म्हणाली, एवढी एक सहल होऊ दे."

दाजी उठले. माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले आणि मग म्हणाले, "घरातल्या मांजराक ठावक होतां, बाय. माका नाय. जगाच्यो चादरी वाचलंय मी. आणि ही बाई माझ्या आदी उठान अंथरूण काढी, तां माका कौतिक वाटायचां."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "विम्याच्या कागदात चूक नाय. तुझीय चूक नाय. संसारच तसो केलंय आमी, अर्दो सांगान, अर्दो गिळून."

माधवीने पुण्याला चला म्हणून खूप आग्रह केला. ते गेले नाहीत. अधूनमधून मालवणला येत आणि माझ्या दुकानात कोपऱ्यातल्या बाकावर बसत. एकदा कट्टा गावचं एक जोडपं बोटीच्या सहलीची चौकशी करायला आलं. मी विम्याचं सांगत होते. आजाराचा प्रश्न आला तसा नवरा म्हणाला, "आमका दोघांकय काय नाय."

दाजी बाकावरून उठले. "तुमी वायंच भायर जावा," त्या माणसाला म्हणाले.

"कित्या?"

"जावा सांगतंय ना."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तो गेला. दाजी त्या बाईसमोर बसले. "आता सांग गो माये. काय आसा तां सांग. तो आयकणा नाय."

ती बाई आधी हसली, मग खाली बघायला लागली आणि मग म्हणाली की छातीत एक गाठ लागते, दोन महिने झाले, कोणाला बोलले नाही. मी पेन खाली ठेवलं. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि छत्री घेऊन निघून गेले. ते जोडपं सहलीला गेलं नाही. बाईचे उपचार सुरू झाले, एवढं मला कळलं. मी हे दाजींना आनंदाने सांगितलं. ते म्हणाले, "बरां झालां." पण त्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही. मला वाटलं होतं, यातून त्यांना काहीतरी उभारी येईल. तसं काही झालं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचं खाणं सुटत गेलं. माझ्या दुकानात आले की चहा अर्धा ठेवायचे. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. मी विचारलं की म्हणायचे, म्हातारपण. मग एकदा मी काही कामाला कुडाळला गेले होते, तर एसटी स्टँडवर दाजी बसलेले. मांडीवर दवाखान्याचं मोठं पाकीट. मला बघून ते पाकीट त्यांनी पिशवीत सारायचा प्रयत्न केला, ते मावेना.

मी शेजारी बसले. अन्ननलिकेत कर्करोगाची वाढ झाली होती आणि ती पसरली होती. डॉक्टरने सोबत कोणी आहे का म्हणून विचारलं, तर यांनी सांगितलं, कोणी नाही.

"माधवीक सांगलास?"

"नाय. आणि तूय सांगूचां नाय."

"दाजी!" माझा आवाज चढला, लोक बघायला लागले. "तुमीच ह्यां बोलतास? सगळां भोगून?"

त्यांनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. "तवा माका राग इल्लो तिचो," म्हणाले. "आता कळता, ती कित्या सांगी नाय ती. एकदा सांगलां काय समोरच्याचां तोंड बघूचां लागता. रोज. मरण परवडला, तां बघूक नको." मग माझ्याकडे वळले. "पोरीचां घर आसा, नोकरी आसा. तिका सुखान रवांदे. सांगशीत तर आपला संपला, बाय."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आचऱ्यापर्यंत आम्ही एसटीत एकाच बाकावर बसून आलो. घरी पोचल्यावर चप्पल न काढताच मी माधवीला फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी आली. रजा टाकून आली ती शेवटपर्यंत राहिली. पेज गाळून चमच्याने भरवायची. मी चार दिवसांनी भेटायला गेले. दाजी खाटेवर उशीला टेकून होते, माधवी पायाशी बसलेली, आणि तिचे डोळे रडून सुजलेले. ते तोंड दाजींना रोज बघावं लागत होतं.

"इलंस?" ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "आता आणि काय जाहीर करूचां रवला?"

"दाजी, माजां आयका तरी..."

"तुका सगळां जाहीर करूकच व्हया. विमेवाली तू." आणि ते भिंतीकडे तोंड करून वळले.

नंतरही मी जात राहिले. माधवी दारातच सांगायची, झोपलेत. ते जागे आहेत हे आतल्या खोकल्यावरून आम्हा दोघींना कळायचं. एकदा ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून निदान एकाच्या तरी उशाशी बसायला मिळालं मला." मला याने बरं वाटायला हवं होतं. मी मालवणला येऊन दुकान उघडलं, दोन तिकिटं काढली आणि पुन्हा बंद केलं.

काजूला मोहोर धरत होता तेव्हा दाजी गेले. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.